टोंगळ्यात इंजेक्शनचा कोर्स घ्यायचं ठरतंय, तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई ५९ वर्षांची, यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या गावात राहते. तीन वर्षांपासून दोन्ही टोंगळे, म्हणजे गुडघे, दुखतात, उजवा जास्त. साखरेची गोळी सुरू आहे. डॉक्टरांनी पाच इंजेक्शनचा कोर्स सांगितलाय, खर्च पंचवीस हजारांच्या घरात. आईचं म्हणणं, कापसाची वेचणी लागायच्या आधी होऊन जाऊ दे. शेजारच्या काकूंचं म्हणणं, एकदा सांध्यात सुई गेली की जन्माची सवय लागते. आणि तुम्ही पुण्यात बसून विचारताय की यातून नेमकं काय मिळेल आणि किती दिवस टिकेल.

मी याच जिल्ह्यात हाडांची डॉक्टर आहे. सोयाबीनची सोंगणी आटोपली की माझ्या ओपीडीत टोंगळ्यांचीच रांग असते, म्हणून जरा लांब लिहिते. आईंना मी तपासलेलं नाही, एक्स-रे पाहिलेला नाही. पुढचं सगळं ‘झीज झालेला गुडघा’ धरून आहे. दुखणं दुसरंच निघालं तर हिशोब बदलतो, आणि आपल्याकडे ते दुसरं निघण्याची कारणं बरीच आहेत.

२०२४ च्या पावसाळ्यात नागपुरात आणि आसपास चिकुनगुनियाची मोठी साथ होती. ताप गेल्यावरही महिनोन्‌महिने सांधे धरून राहिलेले पेशंट मी पाहिलेत. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, तिथे गुडघ्यांबरोबर पाठ आणि मानही ताठरते. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्यात तरुण माणसाचा खुब्याचा सांधा खराब होतो आणि दुखणं मात्र गुडघ्यात जाणवतं. शिवाय आमवात. आईंना एक विचारा: सकाळी उठल्यावर हाताची बोटं तासभर आखडलेली असतात का? हो म्हणाल्या तर इंजेक्शनचा विषय बाजूला ठेवून आधी रक्ततपासणी करा. आणि एक्स-रे उभं राहून काढलेला आहे का, तेही बघा. टेबलावर झोपवून काढलेल्या एक्स-रेत सांध्यातली फट खरी आहे त्यापेक्षा चांगली दिसते. जुना तसा असेल तर उभ्याने पुन्हा काढायला खर्च फार नाही.

समजा झीजच आहे. तर पहिली गोष्ट ही की गुडघ्यात भरायच्या कुठल्याही औषधाने झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, परत येते हे अजून कुणी दाखवून दिलेलं नाही. दुखणं कमी होतं, तेही काही काळ. मी पेशंटला हेच सांगते: इंजेक्शनने उसंत मिळते, आणि त्या उसंतीत तुम्ही पायाचं काय करता यावर पुढचं वर्ष ठरतं. ‘पाच घेतले की झालं’ असं मनात धरून आलेली बाई दुखणं परतलं की डॉक्टरवर चिडते, आणि तिचं चुकत नाही, कारण तिला कुणी हे आधी सांगितलेलंच नसतं.

आता सिरिंजमध्ये काय आहे ते. पाच इंजेक्शनं, आठवड्याला एक, आणि एवढा खर्च म्हटल्यावर ते बहुधा हायलुरोनिक ॲसिड असावं, ज्याला लोक ‘जेलचं इंजेक्शन’ म्हणतात. पण अंदाजावर जाऊ नका. औषधाचं नाव कागदावर लिहून मागा. ते विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. मला कुणी विचारलं तर मी खोकाच हातात देते, फोटो काढून ठेवा म्हणते.

सगळ्यात जुनं आणि स्वस्त इंजेक्शन स्टेरॉईडचं, म्हणजे सूज उतरवणाऱ्या औषधाचं. मी साधारण ४० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन देते. औषधाची किंमत काहीशे रुपयांच्या आत असते, त्यामुळे त्याची जाहिरात कुणी करत नाही. गुडघा सुजलेला, गरम, पाणी भरलेला असेल तर याच्याइतकं झटपट दुसरं काही उतरत नाही. दोन-तीन दिवसांत ते आठवडाभरात फरक कळतो. टिकतो मात्र चार ते आठ आठवडे, एखाद्याला तीन महिने. एका सांध्यात वर्षातून तीन-चारच्या वर देत नाहीत. मी स्वतः दोनवर थांबते.

काकूंच्या बोलण्यात तथ्य आहे ते इथे. २०१७ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी नियतकालिकात एक अभ्यास आला होता. १४० पेशंट, काहींना दर तीन महिन्यांनी ट्रायमसिनोलोन, काहींना साधं सलाइन, म्हणजे नुसतं मिठाचं पाणी, असं दोन वर्षं. स्टेरॉईडवाल्यांची कूर्चा जास्त झिजली आणि दोन वर्षांनंतर दुखण्यात म्हणावा असा फरक नव्हता. म्हणून दर तीन महिन्यांनी ठरवून घेणं मला पटत नाही. पण गुडघा भडकलाय, रात्रीची झोप नाही, अशा वेळी घेतलेलं एखादं इंजेक्शन हा वेगळा प्रकार आहे. त्याची सवय लागत नाही. दुखणं परत येतं ते आजार आत आहे म्हणून.

जेलच्या इंजेक्शनविषयी ‘वंगण संपलं, वंगण भरतो’ असं सांगितलं जातं. ऐकायला सोपं आहे, म्हणून खपतं. हायलुरोनिक ॲसिड सांध्याच्या पाण्यात मुळात असतं आणि झिजेत ते पातळ होतं, एवढं खरं. पण बाहेरून घातलेलं जेल सांध्यात महिनोन्‌महिने बसून राहत नाही, बरंचसं काही दिवसांत-आठवड्यांत निघून जातं. फायदा झालाच तर तो चार-सहा आठवड्यांनी जाणवू लागतो आणि काहींना सहा महिन्यांपर्यंत टिकतो. अभ्यासांमध्ये मात्र सलाइनच्या मानाने सरासरी फायदा फार थोडा दिसतो. अमेरिकेच्या हाडांच्या सर्जनांच्या संघटनेने २०२१ मध्ये ते सरसकट वापरू नका असं म्हटलं, ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेने २०२२ मध्ये देऊच नका असं.

मग मी देते का? क्वचित. झीज मधली, पाय वाकडा झालेला नाही, स्टेरॉईड नको म्हणण्याचं काही कारण आहे, आणि मुख्य म्हणजे घरच्यांना तो पैसा जड जाणार नाही, अशा वेळी. कर्ज काढून किंवा कापूस विकून आलेल्या पैशातून हे घ्यावं असं मी कुणालाच सांगत नाही. पाचऐवजी एकाच मोठ्या डोसचे किंवा तिनाचे प्रकारही मिळतात. पाच वेळा सुई म्हणजे पाच वेळा थोडा का होईना जंतूंचा धोका आणि पाच दिवसांची मजुरी बुडणार, हेही खर्चात धरा. यातली काही औषधं कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनतात. अंड्याची किंवा चिकनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

पीआरपी, म्हणजे आपलंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला प्लेटलेटचा भाग गुडघ्यात देणं. नागपूर-अमरावतीत सध्या त्याचा बोलबाला आहे. काही पेशंट खूश असतात, हे मी पाहिलंय. पण २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर झालेल्या काटेकोर अभ्यासात आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं दिली, आणि वर्षभराने पीआरपी आणि सलाइन यांत दुखण्याचा किंवा कूर्चेचा खास फरक निघाला नाही. घ्यायचंच असेल तर आठवडाभर आधी वेदनाशामक गोळ्या थांबवाव्या लागतात आणि पहिले दोन-तीन दिवस गुडघा चांगलाच ठणकतो. कुणी ‘स्टेमसेल’, म्हणजे मूळपेशींचं इंजेक्शन, म्हणालं तर सरळ उठून या. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या नियमांनुसार गुडघ्यासाठी ते परवानगी घेतलेल्या संशोधनाबाहेर देता येत नाही.

हे लिहिताना तुम्ही न विचारलेली एक गोष्ट आठवली, ती विचारून घ्याच. आई गावात कधी ‘ताकदीचं’ किंवा ‘दुखण्याचं’ इंजेक्शन कमरेत घेतात का? बाजारातून आणलेल्या जडीबुटीच्या पुड्या? अशा सुयांमध्ये अनेकदा डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड असतं आणि पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं सापडतं. दुसऱ्या दिवशी बाई निंदणाला जाते, म्हणून त्या माणसाचं गावात नाव होतं. काही वर्षांनी चेहरा सुजतो, साखर वर जाते, हाडं ठिसूळ होतात. काकूंनी पाहिलेली ‘सवय’ बहुतेक याचीच असणार. सांध्यात दिलेलं एक इंजेक्शन आणि दर आठवड्याला कमरेत घेतलेली सुई यांची तुलना होत नाही. आई हे घेत असतील तर डॉक्टरांना सांगा, पण अचानक बंद करू नका. ते हळूहळू उतरवावं लागतं.

प्रत्यक्ष दिवस कसा जातो ते सांगते, कारण बायांना भीती त्याचीच असते. उपाशी यायची गरज नाही, साखरेची गोळी आणि जेवण नेहमीसारखं. पातळ वर घ्यायला संकोच वाटतो, तर सैल परकर घालून पाठवा आणि पडदा मागायला लाजू नका म्हणा. टेबलावर निजवून गुडघ्याखाली उशी देतात. वाटीच्या वरच्या बाहेरच्या अंगाची जागा अंगठ्याने चाचपून खूण करतात, मग जंतुनाशकाने पुसून ते वाळेपर्यंत थांबतात. हे वाळू देणं महत्त्वाचं आहे, घाईत पुसून लगेच टोचणं बरोबर नाही. सुई आणि बाटली समोर फोडलेली असावी.

गुडघ्यात पाणी असेल तर आधी ते काढतात. झिजेच्या गुडघ्यातलं पाणी पिवळसर आणि स्वच्छ असतं. सिरिंजमागे वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं वाचता येतात. तेच गढूळ आलं, अक्षरं दिसेनात, तर मी औषध देत नाही. पाणी तपासायला पाठवते, कारण आत जंतू असू शकतात आणि त्यावर स्टेरॉईड गेलं तर सांध्याचं वाटोळं होतं. ‘पाणी काढलं की पुन्हा भरतं’ असं लोक म्हणतात. भरतं, पण काढल्यामुळे नव्हे, आतली सूज शमली नाही म्हणून. सगळं मिळून काही मिनिटांचं काम आहे. दुखतं ते कातडीत सुई शिरताना, आत औषध जाताना दाटल्यासारखं वाटतं. नंतर पाय चार-पाच वेळा वाकवून सरळ करायला लावतात, अर्धा तास बसवतात, आणि बाई एसटीने घरी जाऊ शकते. एकटीने मात्र पाठवू नका.

आता साखर, तुमच्या आईसाठी सगळ्यात महत्त्वाचं. इंजेक्शन स्टेरॉईडचं असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांत साखर चांगलीच वर जाते आणि साधारण आठवड्याने खाली येते. आधीच साखर हाताबाहेर असेल तर मी इंजेक्शन पुढे ढकलते, पेशंट रागावला तरी. घरी ग्लुकोमीटर नसेल तर आशाताईंना किंवा उपकेंद्रात विचारा, आणि आठवडाभर रोज उपाशीपोटी आणि जेवणानंतर तपासा. तहान फार लागली, लघवीला सारखं जावं लागलं, आकडा ३०० च्या वर राहिला, तर साखरेच्या डॉक्टरांना फोन करा. चेहरा एक-दोन दिवस लाल होणं, टोचलेल्या जागची कातडी पुढे पांढुरकी पडणं हेही होऊ शकतं, त्याने काही बिघडत नाही. जेल किंवा पीआरपीमध्ये साखरेचा हा त्रास नाही.

पहिल्या दिवशी-दुसऱ्या दिवशी गुडघा आधीपेक्षा जास्त दुखला तर घाबरू नका. ओल्या गार फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, पॅरासिटामॉल चालेल. ते दोन-तीन दिवसांत उतरतं. उतरण्याऐवजी वाढत गेलं, गुडघा लाल-गरम झाला, ताप आला, पाय टेकवेना, तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. हे फार क्वचित होतं, पण साखरेच्या पेशंटमध्ये मी ते हलक्यावर घेत नाही. आणि वाटेत कुणाकडून अँटिबायोटिक टोचून घेऊ नका. आधी सांध्यातलं पाणी काढून तपासायचं असतं, नाहीतर कोणता जंतू आहे ते कळत नाही.

आता ती उसंत कशी वापरायची. २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १५६ पेशंटचा अभ्यास आला: अर्ध्यांना स्टेरॉईड इंजेक्शन, अर्ध्यांना फिजिओथेरपी. वर्षभराने फिजिओथेरपीवाले जास्त बरे होते. गावात फिजिओथेरपिस्ट कुठून आणायचा, हा प्रश्न मला रोज येतो. बाजेवर बसून होणारे दोन व्यायाम पुरतात. पाय लांब करून गुडघ्याखाली गोधडीची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबायची, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुसरा, निजून एक पाय वाकवलेला ठेवून दुसरा सरळ पाय वीतभर उचलून धरायचा. मांडीच्या स्नायूत जोर आला की सांध्यावरचा भार तो घेतो. इंजेक्शननंतर तिसऱ्या दिवसापासून सुरू करा. फरक कळायला सहा-आठ आठवडे लागतात, म्हणजे बरोबर इंजेक्शनचा असर ओसरायच्या बेतात. व्हिडिओ कॉलवर तुम्ही समोर बसून करून घेतलं तर पंचवीस हजारांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल, असं माझं प्रामाणिक मत आहे.

वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोचा भार कमी होतो. संडासावर ठेवायची प्लास्टिकची कमोड खुर्ची आणा, स्वयंपाक उभ्याने करायची सोय करा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. शेतीचं म्हणाल तर माझा अनुभव असा की वेचणीपेक्षा निंदण आणि सोंगणी गुडघ्याला जास्त मारते, कारण ती उकिडवं बसून होते. वेचणी वाकून असते, तिथे कंबर दुखते आणि ओटी, म्हणजे कापूस ठेवायला कमरेला बांधलेली झोळी, भरली की भार वाढतो. म्हणून इंजेक्शननंतर पहिले दोन दिवस वावरात जाणं नाही, पुढचा आठवडाभर घरचं हलकं काम, आणि नंतर वेचणी चालेल, पण ओटी अर्धी भरली की रिकामी करायची. निंदणाला यंदा नाही म्हणा. घरचं वावर असेल तर हे ऐकलं जातं, मजुरीला जात असतील तर अवघड आहे, हे मला माहीत आहे.

पाय धनुष्यासारखा वाकडा झाला असेल, एक्स-रेत हाडाला हाड टेकलं असेल, तर कोणत्याही इंजेक्शनचा असर थोडाच. अशा वेळी पाच सुयांवर पैसा घालवण्यापेक्षा सांधा बदलण्याबद्दल बोला. २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींना मर्यादा घातली, तेव्हापासून खर्च आवाक्यात आलाय. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आईंचं बसतं का, हे योजनेच्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. सेवाग्रामचं कस्तुरबा हॉस्पिटल किंवा नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज इथे दुसरं मत घेता येईल. ऑपरेशन ठरत असेल तर त्याआधीच्या तीन महिन्यांत त्या गुडघ्यात इंजेक्शन नको, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

तुमच्या जागी मी असते तर पाचांचा कोर्स आजच ठरवला नसता. उभ्याने एक्स-रे, तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, आणि व्यायाम आजपासून. वेचणीच्या तोंडावर उजवा गुडघा सुजून आला आणि साखर आटोक्यात असली, तर स्टेरॉईडचं एक इंजेक्शन, कामाला लागायच्या दहा-बारा दिवस आधी, म्हणजे साखर खाली यायलाही वेळ मिळतो. दोन्ही गुडघ्यांत एकाच दिवशी देऊन टाका असा आग्रह धरू नका. साखरेच्या पेशंटमध्ये मी मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ देते, आणि बऱ्याचदा उजवा निवला की डाव्याला इंजेक्शन लागतच नाही, कारण तोवर उजव्याचाही भार डावाच सोसत असतो.